दारातच राहिलेले तीनशे दहा पाय

सकाळी साडेनऊला त्याने ‘साठा’ हे फोल्डर उघडायला घेतलं आणि ते उघडेचना. पडद्यावर छोटं चक्र फिरत राहिलं. त्याने थोडी वाट पाहिली, मग खिडकी बंद करायला गेला तर तीही बंद होईना. शेवटी काळ्या पडद्यावर जाऊन त्याने आतली यादी दाखवायची साधी आज्ञा दिली. आज्ञा गेली ती गेलीच. उत्तर नाही, चूक नाही, काही नाही. संगणकाने चूक दाखवली तर निदान तिच्याशी भांडता येतं. हा नुसता आ वासून बसला होता.

“होतंय का?” मागून बाईंनी विचारलं.

“होतंय,” तो म्हणाला.

बाई खिडकीजवळच्या टेकायच्या खुर्चीत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, केस अगदी बारीक कापलेले. मुलांना पोहायला शिकवणं हा त्यांचा व्यवसाय. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. सहा तासांचा प्रवास करून त्या नवा पाय न्यायला आल्या होत्या. माप महिन्यापूर्वीच दिलेलं होतं, तेव्हा आज सकाळी आठलाच इथल्या प्लास्टर मिस्त्रींनी त्यांचा जुना पाय काढून घेतला आणि त्याची नळी आणि पाऊल सुटं केलं, कारण तीच नळी, तेच पाऊल नव्या पायाला लागायचं होतं. जुन्याचा वरचा कप, ज्यात उरलेला पाय बसतो तो, तडकलेला होता, तो कचऱ्यात गेला. त्यामुळे बाईंना आता नवा पाय होईपर्यंत त्या खुर्चीतून हलायची सोय नव्हती. बाहेरचा बाक कडक म्हणून ताईने त्यांना इथे, मापाच्या खोलीत आणून बसवलं होतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. कृत्रिम पायांचा हा कारखाना तिचा. खाली पत्र्याची लांब शेड, तिच्यात भट्टी, ग्राइंडर, मापाप्रमाणे ठोकळे कोरायचं यंत्र; शेडच्या टोकाला ही मापाची खोली; वर दोन मजले राहण्याचे. सगळ्यात वरची खोली त्याची. चार वर्षांपूर्वी त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान बसलं, त्यापाठोपाठ संसारही मोडला, आणि दोन बॅगा घेऊन तो इथे आला. ताईने वरची खोली उघडून दिली आणि “राहा” एवढंच म्हणाली. त्यानंतर आजतागायत तिने तो विषय काढला नव्हता. तिने एकदा तरी बोलून दाखवलं असतं तर त्याला उलटून बोलता आलं असतं. ती काही बोलायचीच नाही, आणि तिच्या ताटात जेवताना त्याची मान वर व्हायची नाही.

आल्यावर काहीतरी करून दाखवायचं म्हणून त्याने एक मोठं काम अंगावर घेतलं. तोवर प्रत्येक माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा काढून ठेवत. शेडच्या तिन्ही भिंती साच्यांनी भरलेल्या, धूळ अशी की पांढऱ्या भुतांचं गोदाम वाटावं. त्याने ताईला पटवलं, की माप प्रकाशाच्या यंत्राने घेऊ, फाइल करू, आणि फाइल दूरच्या सर्व्हरवर भाड्याच्या जागेत ठेवू, ज्याला सगळे क्लाउड म्हणतात. ती दूरची जागा इथल्या संगणकावर एखाद्या साध्या फोल्डरसारखी टांगता येते. त्याला माउंट करणं म्हणतात. फाइल ‘साठा’त टाकली की ती आपोआप वर जाणार, कोरायच्या यंत्राला हवी तेव्हा खाली येणार. आग लागो, पूर येवो, माप सुरक्षित.

जुने साचे फोडायला तीन दिवस लागले. प्लास्टर मिस्त्रींनी ते आपल्या हातांनी फोडले आणि पुढे आठवडाभर ते त्याच्याशी बोलले नाहीत. बोलायला लागले ते नाव ठेवूनच. “काय ढगोबा,” ते म्हणायचे, “आमचे पाय पोचले का ढगात?”

आता ढगोबांच्या कपाळावर घाम होता.

दार न ठोकता मिस्त्री आत डोकावले. “ठोकळा लावून बसलोय. बाईंची फाइल येत नाही.”

“येईल. जोडणी जरा अडकलीय.”

“बंद करून चालू करा की. माझा रेडिओ तसाच चालतो.”

ते गेले. त्याने खरंच बटणाकडे हात नेला होता. दुकानात असताना तो तेच करायचा. पण आज संगणकाच्या डिस्कवर किती जागा उरली आहे ते आधी पाहावं, असं कसं कोण जाणे त्याच्या मनात आलं. त्याने पाहिलं. जागा उरलीच नव्हती. डिस्क गळ्यापर्यंत भरलेली.

हे विचित्र होतं. या संगणकावर तसं काही ठेवायचंच नव्हतं. फाइल वर जाण्याआधी घटकाभर इथल्या डिस्कवर थांबते, एवढंच. दारात चपला काढायला थांबावं तशी. वर पोचली की दारातली जागा पुन्हा मोकळी. त्याने ती दारातली जागा उघडली. ती मात्र झटकन उघडली, आणि आत फोल्डरच फोल्डर. प्रत्येक माणसाचं एक. बाईंचंही होतं.

त्याला हायसं वाटलं. बाईंची फाइल त्याने पेनड्राइव्हवर घेतली, मिस्त्रींना नेऊन दिली, आणि पाच मिनिटांत कोरायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. बाईंनी अंगठा वर केला. तो परत येऊन बसला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला. बाईंची फाइल महिन्यापूर्वीची. ती अजून दारात काय करत होती?

त्याने फोल्डर तारखेप्रमाणे लावले. सगळ्यात जुनं सात महिन्यांपूर्वीचं निघालं. मोजले तर तीनशे दहा.

मग त्याने लॉग उघडला. माउंटने काय केलं, काय बिनसलं, याची नोंद त्या फाइलीत होत असते. लॉग कोरा होता, आणि तो का कोरा आहे हे त्याला आठवलं. मागे ही फाइल फार फुगायला लागली म्हणून त्यानेच सेटिंगमध्ये लिहिलं होतं, की अगदी आभाळ कोसळलं तरच नोंद कर. त्याने ते सेटिंग तसंच ठेवून वेगळी चाचणी घेतली: एक छोटी फाइल थेट वर पाठवायचा प्रयत्न. लगेच उत्तर आलं. परवानगी नाही.

इथून पुढे त्याला काही शोधावं लागलं नाही. एकेक गोष्ट आपणहून समोर येत गेली. सात महिन्यांपूर्वी त्याने नव्या किल्ल्या बनवल्या होत्या. किल्ली म्हणजे अक्षरांची लांब माळ. ती दाखवली की दूरची जागा आपल्याला आत घेते. एक किल्ली फक्त वाचायची, कोरायच्या यंत्रासाठी. दुसरी वाचायची आणि लिहायची, या संगणकासाठी. त्या दिवशी त्याने घाईत अदलाबदल केली होती. त्यामुळे जुन्या फाइली खाली येत राहिल्या, नव्या यंत्राला इथल्या ‘साठा’तूनच मिळत गेल्या, कोणाला काही जाणवलं नाही. आणि नवी एकही फाइल वर गेली नाही. माउंट बिचारं सात महिने दार ठोठावत होतं आणि त्याने त्याच्या तोंडात बोळा कोंबून ठेवला होता.

बरं, फाइली निदान इथे आहेत, असं स्वतःला सांगत त्याने त्या जागेचा पूर्ण पत्ता वाचला आणि मग एकेक अक्षर करत पुन्हा वाचला. दारातली जागा त्याने ‘टेम्प’मध्ये दिली होती. संगणकाच्या तात्पुरत्या खोलीत. ती खोली संगणक चालू होताना दर वेळी स्वतःच झाडून रिकामी करतो. सात महिन्यांत हा संगणक एकदाही बंद झाला नव्हता, याचा त्याला अभिमान वाटायचा.

आज सकाळी त्याचा हात बटणापर्यंत गेला होता.

ताई आली ती याच वेळी. ग्राइंडरच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे तिला कमी ऐकू यायचं आणि ती बोलायची ती शेडच्या या टोकाहून त्या टोकाला. केसांत पेन्सिल, हातावर वाळलेलं प्लास्टर. “अरे, एक वाजता वीज जाणार आहे हं. पाचपर्यंत. रस्त्यावरचा खांब बदलताहेत. पावणेएकला सगळं नीट बंद कर, मागच्या वेळी यंत्राचं कार्ड जळलं होतं.”

“आज?”

“परवाच कागद आलाय. दारावर लावलाय मी. इथून दिवसातून दहादा जातोस.”

“हा संगणक चालू राहिला तर नाही का चालणार?” त्याने विचारलं. “एक अपडेट चाललंय.”

“विजेवाचून कसा चालू राहील? अपडेट उद्या कर.” आणि मग, जाता जाता, जसं ती दर महिन्याला विचारायची तसं, “बाकी सगळं वर आहे ना?”

“आहे,” तो म्हणाला. तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं. दर महिन्याला बाहेर पडायचं तेच.

ताई गेली. त्याने घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी.

कपाटात एक जुनी बाहेरची डिस्क होती. मोठी, पण संथ. त्याने ती जोडली आणि दारातले सगळे फोल्डर तिच्यावर उतरवून घ्यायला लावले. अकरा दहाला नक्कल सुरू झाली. पडद्यावर अंदाज आला: चार तास. त्याने हिशेब दोनदा केला, जणू दुसऱ्यांदा केल्यावर तो बदलणार होता. सव्वातीनला संपणार, आणि वीज एकला जाणार. बॅटरीचा डबा टेबलाखाली होता, पण तो इतका जुना की गेल्या वर्षी त्याने चार मिनिटंसुद्धा तग धरला नव्हता. नक्कल जलद करायला दुसरी डिस्क नाही. किल्ली बदलावी तर माउंट बंद करून पुन्हा चालू करावं लागणार, आणि आधीच घशाशी आलेल्या डिस्कवर ते करताना काय बिघडेल याची खात्री नाही. आधी नक्कल, मग हात लावायचा. एवढा एकच नियम त्याच्या हाती उरला होता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तो चाकांच्या खुर्चीवर.

सगळ्यात सोपी गोष्ट होती शेडमध्ये जाऊन सांगायची. तेवढीच होत नव्हती.

कारण नुसती चूक सांगून भागणार नव्हतं. त्याच्या खिशात एक पत्र होतं. दूरच्या एका शहरातल्या हवामान कार्यालयात त्याला नोकरी लागली होती. एक तारखेला हजर व्हायचं, म्हणजे आजपासून दहा दिवसांनी. होकार कळवून तीन आठवडे झाले होते. रोज रात्री जेवताना सांगायचं ठरवून तो खाली उतरायचा, आणि ताई त्याच्या ताटात काहीतरी वाढायची, आणि तो ते खाऊन वर जायचा. आता चूक सांगितली आणि मग नोकरीचं सांगितलं, तर घाण करून पळाला असं होणार. चूक सांगितली आणि नोकरीचं लपवलं, तर ती निस्तरण्यात दहा दिवस जाणार आणि मग जायचं तोंड राहणार नाही. आणि काहीच नाही सांगितलं, तर एक वाजणार.

“तुमच्याकडे किती जण बुडाले आजवर?” त्याने अचानक बाईंना विचारलं. प्रश्न आपल्याला कुठून सुचला हे त्यालाही कळलं नाही.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “एकही नाही. पण बुडायला लागलेले पुष्कळ पाहिलेत. लोकांना वाटतं, बुडणारा ओरडतो, हात हलवतो. तसं काही नसतं. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कुठून? तो अगदी गप्प असतो. काठावरच्यांना वाटतं, छान चाललंय याचं.”

त्याने खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली.

“तुम्ही सकाळपासून मला चारदा ‘होतंय’ म्हणालात,” बाई म्हणाल्या. “मला यातलं काही कळत नाही. पण बहिणीशी बोलताना तुम्ही पडद्यापुढे आडवे उभे राहिलात, तेवढं दिसलं.”

“मी तीनशे दहा लोकांची मापं घालवणार आहे,” तो म्हणाला. शब्द बाहेर पडल्यावर त्याला ते फार छोटे वाटले. मग त्याने सगळं सांगितलं. किल्ल्या, टेम्प, वीज. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, “या तीनशे दहांतले किती जण माझ्यासारखे पाय सुटा करून बसणार?”

“या महिन्यात चाळीसेक. बाकीच्यांचे कप पुढेमागे तडकतील तेव्हा.”

“आणि माप परत घ्यायचं तर?”

“परत यावं लागेल. काही जण दोन दोन दिवसांवरून येतात.”

बाईंनी आपल्या उरलेल्या पायावरचा मोजा सारखा केला. “मी आज सहा तास बसमध्ये बसले,” त्या म्हणाल्या, “पाय दुखत असताना. एवढंच सांगते. रागावून नाही सांगत.”

बारा चाळीस झाले. पडद्यावर एकशे पाच फोल्डर. त्याच्या डोळ्यांदेखत एकशे सहा झाले. बाहेर मिस्त्रींनी भट्टी बंद केल्याचा खटका ऐकू आला. एकेक यंत्र झोपायला लागलं होतं. ग्राइंडर तेवढा चालू होता, ताई त्याच्यावर होती.

तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पडदा पाहिला. एकशे सात. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. तो पुन्हा उठला आणि या वेळी थेट शेडमध्ये गेला.

“ताई.”

“काय?”

“मापं वर गेलेली नाहीत.”

“काय? मोठ्याने बोल.”

“मापं! वर गेलीच नाहीत! सात महिने!”

शेडमधले दोघे कामगार वळून बघायला लागले. मिस्त्री हातातलं फडकं तसंच धरून उभे राहिले. ताईने ग्राइंडर बंद केला नाही. नुसता त्यावरचा हात उचलला.

“कोणाची?”

“सगळ्यांची. तीनशे दहा. या संगणकात आहेत, पण तो बंद झाला की पुसली जाणार. मी उतरवून घेतोय, अजून अडीच तास लागतील. वीज नसली तर गेली.”

“आणि मी दर महिन्याला विचारत होते.”

“हो.”

“तू बघून सांगत होतास की न बघता?”

“न बघता.”

“का?”

त्याच्याकडे दहा उत्तरं होती. चुकीची किल्ली, कोरा लॉग, कामाचा बोजा. “माझं मन इथे नव्हतं,” तो म्हणाला, आणि तेवढ्यात तिने ग्राइंडर बंद केला, त्यामुळे पुढचं वाक्य त्या शांत झालेल्या शेडमध्ये नको तेवढं मोठं झालं. “मी दुसरीकडे नोकरी धरलीय. हवामान कार्यालयात. एक तारखेपासून.”

ताईच्या चेहऱ्यावर त्याने राग शोधला. राग नव्हता. थकलेला माणूस पायरी चुकून खाली बसावा तशी ती तिथल्या लाकडी ठोकळ्यावर बसली. हात मांडीवर झाडले. पांढरी धूळ उडाली.

“पंधरा मिनिटं आहेत,” मिस्त्रींनीच तोंड उघडलं. “समोरच्या लाँड्रीची लाइन वेगळी आहे. गल्लीची ती बाजू दुसऱ्या खांबावर येते. मागच्या खेपेला आपण अंधारात होतो आणि त्यांची इस्त्री चालली होती.”

ताई उठली. भावाकडे न बघता म्हणाली, “लांब केबल जिन्याखाली आहे. आण.” आणि स्वतः रस्ता ओलांडून गेली.

पुढची पंधरा मिनिटं त्याला नंतर तुकड्या-तुकड्यांनीच आठवायची. लाँड्रीवाल्या बाई दारात उभ्या राहून ताईला म्हणत होत्या, एकच प्लग देईन, त्यावर भट्टीबिट्टी लावायची नाही. मिस्त्री शिडीवर चढले आणि केबल लोकांच्या डोक्याच्या वरून जावी म्हणून दोन्हीकडच्या खिडक्यांच्या गजांना त्यांनी ती प्लास्टरच्या पट्टीने बांधली. पाणी लावून हाताने दाबली, हाड बसवल्यासारखी. एक सायकलवाला उगाच वाकून खालून गेला. केबल मापाच्या खोलीत येईपर्यंत एकला चार मिनिटं कमी होती.

आता बॅटरीच्या डब्याचा प्लग भिंतीतून काढून केबलला लावायचा होता. मधल्या दोन-तीन सेकंदांत सगळा भार त्या जुन्या डब्यावर. तो टेबलाखाली गुडघ्यांवर बसला. केबलचं टोक एका हातात, दुसरा हात भिंतीवरच्या प्लगवर. आणि त्याच्याने तो काढवेना. काढला आणि डब्याने मान टाकली तर हाताने मारलं असं होणार. नाही काढला तर वीज मारणार, निदान आपल्या हातून नाही. त्या टेबलाखाली, वायरींच्या जाळ्यात, धुळीत, त्याला वाटलं की आपण गेली चार वर्षं नेमके इथेच बसलो आहोत.

“दोन मिनिटं,” बाई वरून म्हणाल्या.

ताई खाली वाकली. तिचा चेहरा टेबलाच्या कडेखाली आला. “सरक,” ती म्हणाली, “मी काढते, तू लाव.” तिने प्लगवर हात ठेवला. “तीन म्हटलं की.”

तिने तीन म्हटलं. डबा किंचाळला. प्लग केबलच्या भोकात पहिल्यांदा बसला नाही, दुसऱ्यांदा बसला. किंचाळणं थांबलं. “पडदा चालू आहे का बघा,” तो टेबलाखालून म्हणाला.

“एकशे अठ्ठावीस,” बाईंनी वाचून दाखवलं. “एकशे अठ्ठावीसच आहे. थांबा. एकशे एकोणतीस.”

एक वाजून दोन मिनिटांनी शेडमधले दिवे गेले. पंखा हळूहळू थांबला. पडदा तेवढा उजळ राहिला.

सव्वातीनपर्यंत तो, बाई आणि पडदा. ताई येऊन गेली नाही. मिस्त्री एकदा चहा ठेवून गेले आणि म्हणाले, “ढगोबा निघाले हवामान खात्यात. बरोबर आहे, माणसाने आपल्या जातभाईंत असावं.” त्यांनी हे हसत म्हटलं नाही आणि चिडूनही नाही. तो चहा तसाच गार झाला.

तीनशे दहा पूर्ण झाले. त्याने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक फाइल मूळ फाइलीशी ताडून पाहायला लावली, आणि मग आकाराप्रमाणे यादी लावली. यादीच्या तळाशी पाच फोल्डर होते, ज्यांतल्या फाइलींचा आकार शून्य होता. गेल्या आठवड्यातली मापं. डिस्क भरली तेव्हाची. मापाच्या यंत्राने ‘जतन झालं’ म्हटलं होतं आणि आत काहीच उतरलं नव्हतं. पाच लोक घरी निश्चिंत बसले असणार.

तो कागदावर पाच नावं लिहून ताईकडे गेला. ती खिडकीच्या उजेडात बाईंच्या नव्या पायाचा कप हाताने घासत होती. “पाच गेली,” तो म्हणाला. या वेळी एकदाच आणि मोठ्याने म्हणाला.

“बाकीची?”

“आहेत. दोन ठिकाणी आहेत. मी स्वतः बघितली.”

“मग त्या पाचांना फोन कर. तूच कर. काय झालं ते सांग, यंत्र बिघडलं म्हणू नकोस.”

त्याआधी त्याने बाकीचं काम उरकलं. दारातल्या जागेचा पत्ता टेम्पमधून काढून कायमच्या डिस्कवर दिला. किल्ल्या जिथल्या तिथे केल्या. लॉगच्या तोंडातला बोळा काढला. मग संगणक बंद करून चालू केला आणि टेम्प उघडून पाहिली. रिकामी. झाडून स्वच्छ. तीनशे दहा पाय असायचे तिथे धुळीचा कणही नव्हता. बाहेरच्या डिस्कवरून त्याने फोल्डर ‘साठा’त टाकायला सुरुवात केली. पाचला वीज आली, त्यामागून इंटरनेट, आणि पहिलं माप वर गेलं. लॉगमध्ये तशी ओळ उमटली. इथल्या लाइनच्या वेगाने सगळे पोचायला चार दिवस लागणार होते.

बाईंचा पाय सहाला तयार झाला. दोन दांड्यांच्या मधून त्या चालल्या, वळल्या, पुन्हा चालल्या. मिस्त्री जमिनीवर बसून पाऊल कुठे टेकतंय ते बघत होते. त्यांनी दोनदा स्क्रू फिरवला. निघताना बाई मापाच्या खोलीच्या दारात थांबल्या. त्याला वाटलं, काहीतरी समजुतीचं बोलतील.

“टाच थोडी वर वाटतेय,” त्या म्हणाल्या, “पण पाण्यात काढूनच ठेवते मी.” आणि गेल्या.

मग तो फोन घेऊन बसला. ताई समोर कामाची वही उघडून बसली, तारखा लिहायला. पहिल्या माणसाने काही न विचारता उद्या येतो म्हटलं. दुसरी एक आई होती; मुलीचं माप परत घ्यायचं म्हटल्यावर ती म्हणाली, तिला पुन्हा शाळा बुडवावी लागेल. तिसरा रागावला, आणि त्याचं सगळं त्याने ऐकून घेतलं. चौथ्याला नीट समजलं नाही, दोनदा सांगावं लागलं. प्रत्येक वेळी “चूक माझी आहे” हे वाक्य यायचं, आणि ते पाचव्यांदा पहिल्याइतकंच जड गेलं.

पाचवा माणूस वयस्कर होता, आवाज सावकाश. “येईन की,” तो म्हणाला, “पण मला तीन तारखेच्या आधी जमणार नाही. मुलगा घेऊन येतो ना. आणि माप तुम्हीच घ्या हं. मागच्या वेळी तुम्ही सांभाळून घेतलंत, दुखलं नाही.”

त्याने फोन कानाला लावून ताईकडे पाहिलं. तीन तारीख, तो ओठांनी म्हणाला. तिला ओठ वाचता यायचे.

ताईने केसांतली पेन्सिल काढली. ती काही वेळ वहीच्या पानावर नुसती टेकवून धरली. त्याला वाटलं, आता ती वर बघेल. तिने बघितलं असतं तर तो राहिला असता. पत्र फाडून टाकलं असतं, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्याची भीतीही वाटली.

तिने वर बघितलं नाही. तीन तारखेच्या पुढे लिहिलं: माप, मिस्त्री.

“आजोबा,” तो फोनमध्ये म्हणाला, “मी नसेन तेव्हा. आमचे मिस्त्री घेतील. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.”

“बरं,” म्हातारा म्हणाला. त्याला काही फरक पडला नव्हता.

फोन ठेवून तो बसून राहिला. ताईने वही मिटली आणि शेडच्या टोकाला जाऊन मिस्त्रींना हाक मारली, उद्या सकाळपासून तासभर लवकर या, याच्याकडून सगळं शिकून घ्यायचंय. मिस्त्रींचं उत्तर त्याला ऐकू आलं नाही. पडद्यावर नऊ माणसं वर पोचली होती आणि दहावं निघालं होतं. तो ते पोचेपर्यंत उठला नाही.